शेकडा ६६ : बोआ सर्पांची जोडजुळणी आणि तिची परिभाषा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हौशी सर्पपालकांचे जे बाजार भरतात, त्यांत विक्रीस ठेवलेल्या प्रत्येक सर्पाच्या पेटीवर एक लहानशी चिठ्ठी चिकटविलेली असते. एखाद्या बोआ मादीच्या पेटीवर, मराठी लिपीत उतरविल्यास, पुढील मजकूर दिसावा : '०.१ बीसीआय, शेकडा ६६ हेट काल अल्बिनो'. ह्या त्रोटक मजकुरात जनावराचे लिंग, त्याची जाती, त्याच्या आईबापांविषयीची माहिती आणि त्याच्या भावी संततीविषयीचे एक अनुमान एवढे सारे सामावलेले आहे. पैदासकार पुढील कित्येक वर्षांचे बेत ह्या चिठ्ठीच्या आधारावर आखतो. म्हणून तिच्यातील प्रत्येक पद नेमके काय विधान करते, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या कुतूहलापुरता मर्यादित राहत नाही.

आरंभीचे '०.१' हे दशांशचिन्हासारखे दिसले तरी दशांश नव्हे. बिंदूच्या डावीकडे नरांची संख्या व उजवीकडे माद्यांची संख्या लिहिण्याचा हा संकेत आहे. लिंग न ठरलेली पिले असल्यास त्यांच्यासाठी आणखी एक बिंदू देऊन तिसरा आकडा लिहितात. '२.३.१४' म्हणजे दोन नर, तीन माद्या आणि चौदा पिले. प्राणिसंग्रहालयांच्या नोंदींतही हीच पद्धत रूढ आहे. भाषा कोणतीही असो, हा संकेत न अडखळता वाचता येतो, हा त्याचा मोठा गुण.

'बीसीआय' ह्या अक्षरांची कथा निराळी आहे. लिनीअसने १७५८ मध्ये 'बोआ कन्स्ट्रिक्टर' हे नाव दिले. मध्य अमेरिकेकडील प्रकाराला १८०३ मध्ये दोदँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 'इंपरेटर' हे नाव दिले, आणि पुढे दीर्घकाळ तो पहिल्याचाच उपप्रकार मानला गेला. 'बोआ कन्स्ट्रिक्टर इंपरेटर' ह्या त्रिपदी नावाची आद्याक्षरे म्हणजे बीसीआय. २००९ पासून प्रसिद्ध झालेल्या डीएनए-संशोधनाने ही विभागणी अधिक खोल असल्याचे दाखविले, आणि 'बोआ इंपरेटर' ही आता सामान्यतः स्वतंत्र जाती मानली जाते. शास्त्राने त्रिपद मोडून द्विपद केले. बाजारातील आद्याक्षरे मात्र आहेत तशीच राहिली. व्यवहारातील परिभाषा शास्त्राच्या मागे किती चिवटपणे रेंगाळते, ह्याचे हे चांगले उदाहरण ठरावे.

मराठीत ह्या सर्पाला स्वतःचे नाव नाही, आणि असण्याचे कारणही नाही. तो अमेरिका खंडातला. त्याला 'अजगर' म्हणणे सोयीचे वाटते, परंतु अजगर अंडी घालतो आणि बोआ जिवंत पिलांना जन्म देतो. आपल्याकडचे मांडूळ मात्र बोआचे दूरचे आप्त असून तेही पिलांनाच जन्म देते. (गंमत अशी की, 'अजगर' म्हणजे शेळी गिळणारा, आणि 'बोआ' ह्या लॅटिन शब्दाची व्युत्पत्ती प्लिनीने गायीचे दूध पिणारा सर्प अशी लावली. दोन्ही भाषांनी ह्या प्राण्याचे नाव गोठ्याशी जोडले, त्यांपैकी संस्कृतची कल्पना वस्तुस्थितीला जवळची आहे.)

आता चिठ्ठीतील मुख्य भागाकडे वळण्यापूर्वी ह्या पैदाशीतील कालमान ध्यानात घ्यावयास हवे. कारण सारी अडचण तेथूनच उद्भवते. बोआ मादी वीण सोसण्यास योग्य होण्यास साधारणतः तीन ते चार वर्षे लागतात. नर त्यापूर्वीच तयार होतो. हिवाळ्यात रात्रीचे तापमान काही अंशांनी उतरवून नराला मादीच्या पेटीत सोडतात. अंडमोचनाच्या वेळी मादीच्या शरीराचा मध्यभाग फुगलेला दिसतो, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते, आणि त्या कातेपासून सुमारे १०५ दिवसांनी वेत होते. वेतात पंधरा ते तीस पिले असणे सामान्य आहे. गाभण मादी बहुधा अन्न टाकते, वेतानंतर ती कृश झालेली असते, आणि म्हणून विचारी पैदासकार तिला पुढील वर्षी विश्रांती देतो. अर्थात् एका मादीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांतून एकदा मिळते. आणि ती पिलू असताना विकत घेतली असेल, तर पहिलेच उत्तर चार-पाच वर्षांनी. इतक्या काळानंतर चिठ्ठी चुकीची होती असे कळले, तर गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

'हेट' हा 'हेटरोझायगस' ह्या शब्दाचा तोडलेला तुकडा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेली. दोन्ही प्रती भिन्न असल्या की जनावर त्या जनुकापुरते विषमयुग्मी, म्हणजे हेट. विवर्णता हा गुण अप्रभावी आहे; म्हणजे दोन्ही प्रती विवर्णतेच्या असल्याशिवाय तो अंगावर उमटत नाही. विवर्ण नर आणि साधी मादी ह्यांची सर्व पिले दिसायला साधी, परंतु प्रत्येकात एक प्रत दडलेली असते. येथे 'शेकडा १०० हेट' असे लिहितात आणि ते यथार्थ आहे.

पुढच्या पिढीत गुंतागुंत सुरू होते. दोन हेट जनावरांची जोडी लावल्यास सरासरीने चौथा हिस्सा पिले विवर्ण, अर्धी हेट आणि चौथा हिस्सा पूर्णतः साधी निघतात. विवर्ण पिले डोळ्यांना दिसतात. ती बाजूला काढली की उरलेल्या तीन हिश्शांपैकी दोन हेट असतात, पण ती कोणती, हे पाहून सांगता येत नाही. म्हणून त्या प्रत्येकाच्या चिठ्ठीवर 'शेकडा ६६ हेट' असे लिहिले जाते. त्याचप्रमाणे हेट आणि साध्या जनावराच्या पिलांवर 'शेकडा ५० हेट' असे लिहितात.

आता ह्या पदबंधाची रचना पाहावी. 'शेकडा ६६' हे विशेषण 'हेट' ह्या पदाला आणि पर्यायाने जनावराला लागलेले आहे. जणू जनावराच्या अंगात दोन-तृतीयांश जनुक आहे. वस्तुतः तसे काहीच नाही. त्या मादीत ती प्रत एक तर आहे, किंवा नाही. मधली अवस्था संभवत नाही. ६६ हा आकडा मादीचे वर्णन करीत नाही, तो तिच्याविषयीच्या आपल्या ज्ञानाचे माप देतो. पूर्वी ह्या पदापुढे 'संभाव्य' अशा अर्थाचा शब्द आवर्जून लिहीत, काटेकोर पैदासकार आजही लिहितात. परंतु चिठ्ठीवरील जागेच्या टंचाईत तो वारंवार गळतो. मराठीत हा भेद क्रियापदच सांभाळते. 'ही मादी हेट आहे' आणि 'ही मादी हेट असावी' ह्या दोन वाक्यांत बोलणाऱ्याच्या खात्रीचा फरक 'आहे' आणि 'असावी' ह्या रूपांनीच व्यक्त होतो. चिठ्ठीला क्रियापद नसते. त्यामुळे 'असावी'चे ओझे तिथे एका आकड्यावर पडते, आणि वाचणारा बहुधा 'आहे' असेच वाचतो.

हा आकडा ज्ञानाचा असल्यामुळे ज्ञान बदलले की तोही बदलावयास हवा. समजा, अशा ९६ माद्या आहेत. हिशेबाने त्यांपैकी ६४ हेट व ३२ साध्या. प्रत्येकीची जोडी विवर्ण नराशी लावली आणि प्रत्येकीला पाचच पिले झाली. लहान अंगाच्या पहिलारू मादीला इतके छोटे वेत होऊ शकते. हेट मादीचे प्रत्येक पिलू विवर्ण निघण्याची शक्यता निम्मी. म्हणून पाचांपैकी एकही विवर्ण न निघण्याचा योग ३२ मध्ये एकदा येईल, म्हणजे ६४ हेट माद्यांपैकी दोघींच्या वाट्याला. साध्या ३२ माद्यांना तर विवर्ण पिलू होणारच नाही. एकूण ३४ माद्यांचे वेत सर्वस्वी साधे. त्यांत हेट केवळ दोन. एका छोट्याशा वेताने ६६ चा आकडा सहाच्या आत आणून ठेवला.

हाच प्रयोग विवर्ण नराऐवजी हेट नराशी केला तर? तेव्हा हेट मादीचे प्रत्येक पिलू विवर्ण निघण्याची शक्यता चौथा हिस्सा एवढीच राहते, आणि पाचही पिले साधी निघण्याचा योग सुमारे शेकडा २४ इतका मोठा होतो. ६४ हेट माद्यांपैकी पंधरा जणींची वेते साधी होतील, ३२ साध्या माद्यांची होतीलच. म्हणजे ४७ मध्ये १५, शेकडा ३२. दोन वर्षे खर्ची घालून शंका जवळजवळ जागच्या जागी राहिली. नर निवडताना जो मुद्दा केवळ पिलांच्या रंगाचा वाटतो, तो असा उत्तराच्या स्पष्टतेचाही असतो. आणि दोन्ही बाजूंनी 'शेकडा ६६' जनावरे घेऊन जोडी लावणे हे सर्वांत वाईट : दोघेही हेट असण्याचा संभव नऊमध्ये चार, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तरीही, स्वस्त पडतात म्हणून नवखे पालक अशीच जोडी घेतात.

ह्या परीक्षेत एक विषमता आहे. एकच विवर्ण पिलू झाले तरी मादी हेट असल्याचे सिद्ध होते. साधी पिले मात्र कितीही झाली तरी ती हेट नाही हे पूर्णपणे सिद्ध होत नाही, संशय तेवढा क्षीण होत जातो. शिवाय नर एका हंगामात अनेक माद्यांना दाखविता येतो आणि मादी दोन वर्षांतून एकदाच वेते. म्हणून अनिश्चितता पत्करावयाचीच असेल तर ती नराच्या बाजूला पत्करावी, हे शहाणपणाचे. सिद्ध माद्यांशी लावलेला संशयित नर एका हंगामात जे सांगतो, ते संशयित मादीकडून कळण्यास कित्येक वर्षे जावी लागतात.

साधे वेत झालेली मादी जुन्याच '६६' च्या चिठ्ठीने विकली जाते, तेव्हा फसवणूक होते. परंतु चिठ्ठीतील एकही शब्द खोटा ठरत नाही, कारण आईबापांवरून काढलेला आकडा तोच आहे. मधल्या वेताची हकीकत लिहिण्याची जागाच ह्या परिभाषेत नाही. परिभाषेतील ही उणीव विक्रेत्याच्या सोयीची आहे, हे सांगावयास नकोच.

'हेट' हा शब्द अप्रभावी गुणांपुरताच वापरला जातो, हेही लक्षणीय आहे. 'हायपो' नावाचा रंगप्रकार, ज्यात काळे रंगद्रव्य कमी असते, जनुकाच्या एका प्रतीनेही अंगावर दिसतो. शास्त्रदृष्ट्या एका प्रतीचा हायपो विषमयुग्मीच. पण त्याला कोणी हेट म्हणत नाही. दोन प्रती असलेल्याला 'सुपर' म्हणतात, आणि अशा गुणांना 'सहप्रभावी' म्हणण्याची चाल पडली आहे, जरी आनुवंशिकीत ती संज्ञा दोन्ही प्रतींचे परिणाम स्वतंत्रपणे व एकाच वेळी दिसतात तेथे वापरतात आणि येथे बहुतेकदा 'अपूर्ण प्रभाव' हीच संज्ञा योग्य ठरेल. हायपो आणि सुपर हायपो ह्यांतील भेद नजरेने ठरविणे कठीण. म्हणून दोन हायपोंच्या हायपो दिसणाऱ्या पिलांवर 'शेकडा ३३ संभाव्य सुपर' अशी चिठ्ठी लागते. येथील परीक्षा सोपी आहे : अशा जनावराची जोडी साध्याशी लावावी, सुपर असल्यास सर्व पिले हायपो निघतील, आणि एक जरी साधे निघाले तरी दावा कोसळला. 'मॉटली' ह्या प्रकारात मात्र दोन मॉटलींची जोडी लावणे पुष्कळ पैदासकार टाळतात. त्या जोडीच्या सुपर पिलांच्या प्रकृतीविषयीचा अनुभव चांगला नाही. मॉटली व साधे अशी जोडी लावली तरी निम्मी पिले मॉटली निघतातच. मग चौथ्या हिश्शाची पिले पणाला लावण्याचे प्रयोजन उरत नाही.

चिठ्ठीतील 'काल' हे पद बहुतेकांना अनावश्यक वाटते आणि सर्वांत आधी तेच गळते. वस्तुतः ते अत्यंत महत्त्वाचे आहे. बोआंमध्ये विवर्णतेचे 'काल' व 'शार्प' असे दोन वंश प्रसिद्ध आहेत. दोन्हींची नावे त्यांच्या पैदासकारांवरून पडली, आणि दोन्हींना 'अल्बिनो' हीच संज्ञा लागते. परंतु दोन्हींची कारणे वेगवेगळ्या जनुकांत आहेत. काल विवर्ण नर आणि शार्प विवर्ण मादी ह्यांची जोडी लावल्यास एकही पिलू विवर्ण होत नाही. प्रत्येक पिलाला दोन्ही जनुकांची एकेक चांगली प्रत मिळते आणि सारे वेत साधे दिसते. ह्या पिलांच्या पुढील पिढीत कोणते विवर्ण पिलू कोणत्या वंशाचे, हे पाहून ठरविणे अवघड होऊन बसते. एका नावाखाली दोन वस्तू असल्या की कोशकाराची जी तारांबळ उडते, तीच येथे जिवंत जनावरांत उडते.

दोन गुण एकत्र आणावयाचे असल्यास अधीरता फार महागात पडते. विवर्णता आणि 'अनेरी', म्हणजे तांबड्या रंगाचा अभाव, हे दोन अप्रभावी गुण एकत्र आले की 'स्नो' नावाचा फिकट सर्प मिळतो. विवर्ण आणि अनेरी ह्यांची पिले दोन्ही गुणांना हेट असतात. अशा दोन पिलांच्या जोडीतून स्नो निघण्याची शक्यता सोळांत एक. वीस पिलांचे वेत झाले तरी त्यात एकही स्नो नसण्याचा संभव शेकडा २७ हून अधिक आहे, आणि जी पंधरा-वीस इतर पिले होतात त्यांना घर शोधावे लागते ते निराळेच. बोआ नीट सांभाळल्यास वीस वर्षे व त्याहूनही अधिक जगतो. स्नो नर विकत घेऊन दुहेरी हेट मादीशी जोडी लावल्यास हाच योग चारांत एक होतो. नराची किंमत अधिक, पण नकोशा पिलांची संख्या पुष्कळच कमी.

अप्रभावी रंगाच्या हव्यासात आप्तसंबंध अटळ होतात, अशी समजूत आहे. विवर्ण नराची हेट पिले झाली की भावाबहिणींची जोडी लावणे, किंवा मुलीची जोडी बापाशी लावणे, हा सरळ मार्ग दिसतो. दोन्ही मार्गांनी होणाऱ्या पिलांचा अंतःप्रजनन-गुणांक एक-चतुर्थांश असतो. म्हणजे कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वज-प्रतीच्या नकला असण्याचा संभव चारांत एक. हव्या त्या रंगाबरोबर नको ते अप्रभावी दोषही त्यामुळे एकत्र येतात. परंतु आरंभीच त्याच नराला परस्परांशी नाते नसलेल्या दोन माद्या दाखविल्या, तर दोन वेतांतील हेट पिले सावत्र भावंडे ठरतात आणि त्यांच्या संततीचा गुणांक एक-अष्टमांशावर येतो. ह्यात एकही वर्ष जादा जात नाही. एक मादी मात्र जादा पोसावी लागते. पहिल्या वर्षी केलेली ही काटकसर पुढच्या पिढीत भरून काढता येत नाही, कारण तोवर दुसरे वेत झालेलेच नसते.

हे सारे गणित पितृत्व निश्चित आहे ह्या गृहीतावर उभे आहे. एकाच हंगामात दोन नर सोडणारा पैदासकार स्वतःची वही स्वतःच निरुपयोगी करतो. पण एकही चूक न करता लिहिलेली वहीसुद्धा चुकू शकते. एका बोआ मादीविषयीचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिला नरांच्या सहवासात दोन वेतांत बावीस पिले झाली. सर्व माद्या, आणि सर्वांचा रंग आईसारखाच, 'कॅरामेल' हा दुर्मिळ अप्रभावी रंग. चिठ्ठीच्या तर्कानुसार नरही कॅरामेलला हेट असला पाहिजे, असे कोणीही लिहिले असते. डीएनए-तपासणीत त्या पिलांत कोणत्याही नराचा अंश आढळला नाही. ती अनिषेकजननाने झाली होती. सर्व माद्याच का, ह्याचे कारण तेव्हा 'झेड-डब्ल्यू' ह्या गुणसूत्र-पद्धतीत शोधले गेले आणि त्यामुळे पिले 'डब्ल्यू-डब्ल्यू' अशी विलक्षण ठरविली गेली. २०१७ मध्ये बोआ इंपरेटरमध्ये 'एक्स-वाय' पद्धत असल्याचे आढळले, आणि पिले साधी 'एक्स-एक्स' माद्या असल्याचे स्पष्टीकरण पुरेसे ठरले. त्या नराच्या नावापुढे 'सिद्ध हेट कॅरामेल' असे लिहून त्याला पुढील माद्यांकडे पाठविले गेले असते, तर किती वेते वाया गेली असती, ह्याचा हिशेब करता येईल.

नर पाठविण्याची ही प्रथा, पिलांत वाटणी ठरवून उसना नर आणणे, अमेरिकेत पुष्कळ रूढ आहे आणि जोडजुळणीतील सर्वांत धोक्याची बाब तीच होय. बोआंच्या 'अंतर्वेशपिंड-रोगा'शी संबंधित विषाणू २०१२ मध्ये ओळखले गेले. ते रेप्टअरेनाव्हायरस म्हणून ओळखले जातात. बाधित बोआ दीर्घकाळ सुदृढ दिसू शकतो, जोडीही लावतो. आणि हे विषाणू आईबापांकडून पिलांत उतरू शकतात, असे २०१७ मध्ये दाखविण्यात आले. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे पैदासकार उसन्या नराला काही महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांनी व वेगळ्या चिमट्यांनी सांभाळतात, रक्ताची तपासणी करून घेतात, आणि पहिली तपासणी निर्दोष आली तरी ती पुन्हा करतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या सुधारणेनंतर असे परदेशी सर्प बाळगणाऱ्याला जनावरांची आणि जन्मलेल्या पिलांची नोंद शासनाकडे करावी लागते. पण तिकडे काय अथवा इकडे काय, चिठ्ठीवर तपासणीच्या तारखेसाठी अद्याप रकाना नाही. उसना नर सोडण्यापूर्वी मालकाकडून त्याच्या मागील सर्व जोड्यांची, फसलेल्या धरून, तारीखवार यादी मागून घ्यावी लागते, आणि ती मिळत नसेल तर तो हंगाम मादीला विश्रांतीतच काढू द्यावा लागतो.